सात विजेतेपदं आणि एक नाचाचा हॉल: फिलाडेल्फियाच्या 'स्फाज'ची गोष्ट

गोल्डन स्टेट वॉरियर्स हा बास्केटबॉल संघ म्हटला की सान फ्रान्सिस्को आणि त्यांचा खेळाडू स्टीफन करी डोळ्यांसमोर येतात. पण हा संघ जन्मला तो अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, फिलाडेल्फियात, 1946 साली. त्याचा पहिला प्रशिक्षक एडी गॉटलिब त्याआधी जवळजवळ तीस वर्षं त्याच शहरात दुसराच एक क्लब चालवत होता. त्या क्लबचं नाव स्फाज.

1933 ते 1946 या तेरा मोसमांत स्फाजनं अमेरिकन बास्केटबॉल लीग, म्हणजे एबीएल, सात वेळा जिंकली. तरीही एनबीएच्या, म्हणजे आजच्या मुख्य अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या, अधिकृत नोंदींमध्ये यातलं एकही विजेतेपद धरलेलं नाही. 1946 मध्ये मोठ्या शहरांची नवी लीग निघाली तेव्हा फिलाडेल्फियाची जागा स्फाजला मिळाली नाही. ती मिळाली वॉरियर्सना, आणि त्यांना चालवायला स्फाजचाच माणूस उचलला गेला. मैदानावर सगळ्यांना पुरून उरलेला क्लब बाहेर का राहिला? हे कळायला आधी अर्धव्यावसायिक क्लबचं पोट कशावर चालायचं ते बघावं लागतं.

आपल्याकडे कबड्डी-खो-खोचा चांगला खेळाडू रेल्वेत, बँकेत किंवा एखाद्या कंपनीत खेळाडू म्हणूनच चिकटतो. पगार नोकरीचा, सराव नोकरीच्या सोयीनं, पदोन्नती पदकांवर. अमेरिकेतही त्या काळी तेल कंपन्यांचे, टायर कंपन्यांचे असे संघ होते. स्फाजचं तसं नव्हतं. त्यांना कोणी मालक-कंपनी नव्हती. खेळाडूनं स्वतःची नोकरी स्वतः शोधायची, दिवसभर ती करायची आणि संध्याकाळी सामन्याला हजर व्हायचं. पैसे सामन्यागणिक. तिकीटखिडकीवर जमलं त्यातून हॉलचं भाडं, पाहुण्या संघाचा वाटा आणि प्रवासखर्च वजा जाता जे उरेल त्यात सगळ्यांचं भागवायचं. गर्दी नाही तर पैसे नाहीत, इतका सरळ हिशोब.

यातून दोन गोष्टी आपोआप घडायच्या. पहिली म्हणजे निष्ठा पातळ. सुरुवातीच्या काळात एकच खेळाडू सोमवारी एका लीगमध्ये, बुधवारी दुसऱ्या लीगमध्ये, वेगळ्याच शर्टात दिसायचा; जो दोन डॉलर जास्त देईल त्याचा. क्लबही मोसमाच्या मध्यावर गाशा गुंडाळायचे. दुसरी म्हणजे अंतर. सकाळी शाळेत शिकवायला किंवा दुकानात उभं राहायचं असेल तर रात्री घरी परतता येईल इतक्याच लांब जाता येतं. म्हणून हे क्लब प्रादेशिकच राहिले: फिलाडेल्फिया, ट्रेंटन, ब्रुकलिन, न्यू जर्सीतली गावं, असा रेल्वेनं किंवा मोटारीनं काही तासांत उरकणारा पट्टा.

हा पट्टा ओलांडायचा प्रयत्न झाला होता. 1925 मध्ये जो कार या गृहस्थांनी पहिली एबीएल काढली. अमेरिकन फुटबॉलची एनएफएल तेच चालवत होते. क्लीव्हलँड, शिकागो, फोर्ट वेन असा लांबलचक पसारा मांडला. मंदीनं 1931 मध्ये तिचा निकाल लावला. 1933 मध्ये तीच लीग पुन्हा सुरू झाली ती मुकाट्यानं पूर्व किनाऱ्यापुरती. माझ्या मते हा माघारीचा नाही, शहाणपणाचा निर्णय होता. स्फाजचं सोन्याचं दशक याच छोट्या लीगमध्ये आहे.

आता क्लबच्या जन्माकडे. बास्केटबॉल हा खेळ डिसेंबर 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथं जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानं काढला, हिवाळ्यात पोरांना छपराखाली दमवायचं म्हणून. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तो पूर्वेकडच्या शहरांतल्या दाट, गरीब वस्त्यांनी उचलून धरला. बेसबॉलला ऐसपैस मैदान लागतं. याला एक चेंडू आणि उंचावर टांगलेलं काहीही. फिलाडेल्फियाच्या दक्षिण भागात तेव्हा पूर्व युरोपातून आलेली ज्यू कुटुंबं गर्दीनं राहत होती. गॉटलिब त्यांतलाच, 1898 मध्ये कीव्हला जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेत आलेला. शाळेतल्या संघातले त्याचे दोन सोबती, हॅरी पॅसन आणि ह्यूई ब्लॅक, यांना घेऊन त्यानं पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हा संघ जमवला.

गणवेशाला पैसे नव्हते. ते साउथ फिलाडेल्फिया हिब्रू असोसिएशन नावाच्या समाजमंडळानं दिले, म्हणून आद्याक्षरांवरून नाव पडलं स्फाज. छातीवर हीच आद्याक्षरं हिब्रू लिपीत आणि सोबत सहा टोकांचा तारा. काही वर्षांत मंडळानं हात काढून घेतला. खेळात धसमुसळेपणा फार, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. त्या काळी पूर्वेकडच्या अनेक कोर्टांना चहूबाजूंनी तारेची किंवा दोरखंडाची जाळी असायची. चेंडू बाहेर जातच नसे, आणि माणूस जाळीवर आदळला तरी खेळ थांबत नसे.

मंडळ गेलं, नाव मात्र राहिलं. या तिघा मित्रांनी क्रीडासाहित्याचं दुकान टाकलं होतं, तेव्हा शर्टांची सोय घरातच झाली. गॉटलिब काही काळ शाळेत व्यायामशिक्षकही होता. पुढे त्यानं खेळणं सोडून क्लब चालवणंच हाती घेतलं, आणि त्यात त्याची बुद्धी अशी चालायची की गावानं त्याचं नाव 'मोगल' पाडलं.

वीसच्या दशकात स्फाज शहरातल्या लीग जिंकत राहिले, मग ईस्टर्न लीगमध्ये गेले. 1925-26 च्या मोसमात गॉटलिबनं थेट वरच्या फळीतल्या संघांना आव्हान देऊन प्रदर्शनीय सामने ठरवले. न्यू यॉर्कचे ओरिजिनल सेल्टिक्स तेव्हा देशातले सर्वोत्तम मानले जात. त्यांना स्फाजनं तीनपैकी दोन सामन्यांत हरवलं. न्यू यॉर्कमधल्याच हार्लेम वस्तीच्या कृष्णवर्णीय रेन्स संघालाही हरवलं. लगेच जुन्या एबीएलमध्ये प्रवेश मिळाला, आणि तिथं दोन मोसम हा संघ ज्या नावानं खेळला ते नाव होतं फिलाडेल्फिया वॉरियर्स. वीस वर्षांनी ते पुन्हा बाहेर निघालं. ईस्टर्न लीगमध्ये परतल्यावर 1930, 1931 आणि 1932 अशी सलग तीन विजेतेपदं आली, आणि 1933 मध्ये नव्या एबीएलमध्ये पाऊल टाकताच पहिल्याच मोसमात करंडक. त्यानंतर 1936, 1937, 1940, 1941, 1943 आणि 1945.

खेळाडू कोण होते? साय कॅसलमन, ज्याच्या लांबून मारलेल्या फेकी आणि फ्री थ्रो यांचा दबदबा होता. मो गोल्डमन, मधल्या जागेवरचा उंच गडी. त्या काळी प्रत्येक बास्केटनंतर खेळ पुन्हा मध्यभागी उडी घेऊन सुरू व्हायचा. हा नियम तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात गेला. तोवर उडी जिंकणारा सेंटर असणं म्हणजे बास्केट मारल्यावर चेंडूही आपल्याकडेच. शायकी गॉटहॉफर आणि इंकी लॉटमन हे अंगावर जाऊन खेळणारे. आणि हॅरी लिटवॅक, जो रात्री स्फाजकडून खेळायचा आणि दिवसा टेंपल विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायचा. पुढे तो त्याच विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. दिवसाची नोकरी आणि रात्रीचा खेळ हे गणित इतकं नीट जमलेलं दुसरं उदाहरण मला तरी या क्लबात दिसत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे स्फाजचं नाव आजही निघतं, ती. सुरुवातीची बरीच वर्षं त्यांना स्वतःचं कोर्ट नव्हतं. आज इथं, उद्या तिथं. म्हणून लोक त्यांना 'भटके ज्यू' म्हणत. पुढे ब्रॉड आणि वुड या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं ब्रॉडवुड हॉटेल त्यांना मिळालं. कोर्ट कुठलं, हॉटेलचा नाचाचा हॉलच तो. गॉटलिबनं शनिवारची रात्र पकडली. ज्यूंचा विश्रामवार शनिवारी सूर्यास्ताला संपतो, आणि मग तरुण मंडळी घराबाहेर पडायला मोकळी.

तिकीट पुरुषांना 65 सेंट, बायकांना 35. हा फरक दयेपोटी नव्हता. मुली आल्या की मुलगे आपोआप येतात, हे मोगलला कुणी शिकवायची गरज नव्हती. दारात 'स्फाज स्पार्क्स' नावाची छापील कार्यक्रमपत्रिका मिळे. ती डेव्ह झिंकॉफ नावाचा वल्ली काढायचा. ध्वनिक्षेपकावरून खेळाडूंची नावं लांबवून पुकारणाराही तोच. पत्रिकेवर क्रमांक असायचा. तुमचा क्रमांक निघाला तर शहरातल्या एका कपड्याच्या दुकानातून 19 डॉलर 99 सेंटचा सूट फुकट. मंदीच्या काळात हे आमिष लहान नव्हतं.

सामना नाचासाठी केलेल्या लाकडी जमिनीवर व्हायचा, वर बाल्कनीत माणसं दाटीनं बसलेली. शेवटची शिट्टी झाली की खुर्च्या बाजूला, बास्केटचे खांब बाजूला. संघातला गिल फिच पळत आत जायचा, अंघोळ उरकायचा, टक्सिडो चढवायचा आणि बाहेर येऊन थेट रंगमंचावर उभा राहायचा, कारण नाचाला वाजवणारा बँड त्याचाच होता. घटकाभरापूर्वी घामाघूम होऊन चेंडूमागं धावणारा माणूस आता सॅक्सोफोन घेऊन हजर. त्याच्या बँडबरोबर गाणारी तरुण मुलगी होती किटी कॅलन. 1954 मध्ये तिचं एक गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. फिलाडेल्फियातल्या बऱ्याच ज्यू घरांत आजी-आजोबांची पहिली भेट ब्रॉडवुडच्या नाचात झाली, असं पुढे आवडीनं सांगितलं जाई.

म्हणजे लोक नक्की कशाचं तिकीट काढायचे, खेळाचं की नाचाचं? माझं उत्तर असं की गॉटलिबनं हा प्रश्न उरूच दिला नाही. अर्धव्यावसायिक क्लबला निव्वळ खेळावर हॉल भरणं परवडत नव्हतं. वस्तीची शनिवार संध्याकाळ विकत घ्यायची आणि त्यात सामना बसवायचा, हा त्याचा धंदा. आणि तो एकटाच नव्हता: हार्लेमचे रेन्सदेखील रेनेसाँस या नाचघराचेच, नावही तिथूनच आलेलं, आणि तिथंही सामन्याभोवती नाच असायचाच.

बाहेरगावी मात्र नाच नव्हता. गॉटलिबच्या मोटारीत दाटीवाटीनं बसून माणसं निघायची, सामना खेळून रात्रीच परतायची. छातीवर हिब्रू अक्षरं असल्यानं शिव्या कशावरून द्यायच्या याचा विचार यजमान प्रेक्षकांना करावा लागत नसे. ब्रुकलिनचा व्हिझिटेशन्स हा कॅथलिकांचा संघ कडवा प्रतिस्पर्धी. त्यांच्या प्रॉस्पेक्ट हॉलमध्ये बाल्कनी अगदी कोर्टावर झुकलेली, आणि वरून बाटल्या यायच्या. चेंडू आत टाकायला कडेला उभं राहिलं की बायका टोपीच्या पिना पायांना टोचायच्या, असं खेळाडू म्हातारपणी सांगत. वर्तमानपत्रांत तर हा खेळ ज्यूंना जमतो कारण त्यात लबाडी लागते, असं गंभीर चेहऱ्यानं लिहिणारे नामवंत स्तंभलेखक होते. खरं कारण वर येऊन गेलंच आहे: वस्ती दाट, जागा थोडी, पैसा नाही. पुढे ही माणसं उपनगरांत गेली आणि त्या वस्त्यांमधून दुसरे लोक हाच खेळ घेऊन वर आले. तेव्हा कारण काय होतं ते आपोआप सिद्ध झालं.

आणि ज्यांच्या वाट्याला याहून वाईट आलं तेही इथंच सांगायला हवं. रेन्सना एबीएलनं कधीच घेतलं नाही. 1939 मध्ये शिकागोतली जागतिक व्यावसायिक स्पर्धा जिंकणारा हा संघ कातडीच्या रंगामुळे लीगबाहेर राहिला. स्फाज आणि रेन्स एकमेकांशी पुन्हा पुन्हा खेळले ते लीगबाहेरचे सामने म्हणून, आणि या सामन्यांना गर्दी लोटायची. गॉटलिबचे हात कृष्णवर्णीयांच्या खेळातही होते. बेसबॉलच्या फिलाडेल्फिया स्टार्स या निग्रो लीगमधल्या संघात त्याची भागीदारी होती. त्यात उदारमतवाद किती आणि तिकीटखिडकी किती, हे वेगळं करणं अवघड आहे.

आता 1946. महायुद्ध संपलं, सैनिक परतले, लोकांच्या खिशात पैसा आला. मोठ्या शहरांत आइस हॉकीसाठी बांधलेली प्रचंड बंदिस्त मैदानं होती, आणि हॉकी नसलेल्या रात्री ती रिकामी पडायची. या मैदानांच्या मालकांनी 6 जून 1946 ला न्यू यॉर्कमध्ये जमून बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका, बीएए, स्थापन केली. तीन वर्षांनी ती दुसऱ्या एका लीगमध्ये मिसळून एनबीए झाली.

इथंच सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. बीएएमध्ये जागा संघांना मिळाली नाही, मैदानांना मिळाली. ज्याच्याकडे छप्पर त्याच्याकडे फ्रँचायझी. स्फाजकडे सात करंडक होते, पण छप्पर भाड्याचं, तेही हॉटेलच्या नाचघराचं. फिलाडेल्फियाची जागा घेतली फिलाडेल्फिया अरेनानं. त्या अरेनाचे व्यवस्थापक पीट टायरल यांना बास्केटबॉलमधलं कळणारा माणूस हवा होता. त्यांनी गॉटलिबला बोलावलं. गॉटलिबनं जुनं वॉरियर्स हे नाव घेतलं आणि पीटी रोझेनबर्ग, जेरी फ्लीशमन, आर्ट हिलहाउस असे स्फाजचे माजी खेळाडूही घेतले. भर म्हणून केंटकीचा जो फल्क्स आणला. फल्क्स उडी मारून हवेतून फेक करायचा आणि सामन्याला सरासरी 23 गुण काढायचा. त्या काळात अख्खा संघ साठ-सत्तर गुणांत आटपायचा. एप्रिल 1947 मध्ये शिकागो स्टॅग्जना 4-1 नं हरवून वॉरियर्स बीएएचे पहिले विजेते झाले.

लीगचा पहिला सामना 1 नोव्हेंबर 1946 ला टोरोंटोत झाला. त्यातलं पहिलं बास्केट न्यू यॉर्क निक्सच्या ऑसी शेक्टमनचं, आणि एनबीए आजही ते आपल्या इतिहासातलं पहिलं मानते. शेक्टमन हा स्फाजचा माजी खेळाडू. म्हणजे एनबीएचा इतिहास स्फाजच्या खेळाडूपासून सुरू होतो, पण स्फाज त्यात नाहीत.

मोठी लीग मैदानांची असली तरी गॉटलिबचं डोकं वस्तीचंच राहिलं. 1952 मध्ये त्यानं 25,000 डॉलर जमवून वॉरियर्स विकत घेतले. एनबीएत तेव्हा असा नियम होता की आपल्या भागातल्या कॉलेजचा खेळाडू क्लबला नव्या खेळाडूंच्या निवडीतला पहिल्या फेरीचा हक्क सोडून देऊन राखून ठेवता येई. घरचा मुलगा असला की घरची गर्दी येते, हे त्यामागचं गृहीत. विल्ट चेंबरलेन फिलाडेल्फियाच्या ओव्हरब्रुक शाळेतला, पण कॉलेज कॅन्ससला. तिथं एनबीएचा संघच नाही, तेव्हा शाळा धरून तो आमचाच, असा युक्तिवाद करून गॉटलिबनं 1959 मध्ये त्याला मिळवला. 2 मार्च 1962 ला हर्शी गावात चेंबरलेननं एका सामन्यात 100 गुण केले तेव्हा ध्वनिक्षेपकावर होता तोच झिंकॉफ. त्याच वर्षी गॉटलिबनं संघ 8,50,000 डॉलरना विकला आणि वॉरियर्स सान फ्रान्सिस्कोला गेले. नंतरही कितीतरी वर्षं संपूर्ण एनबीएचं वेळापत्रक तो एकहाती, कागद-पेन्सिल घेऊन बसवायचा. कुठल्या गावात कुठल्या वारी गर्दी होते हे त्याला तोंडपाठ होतं.

मागं राहिलेल्या स्फाजचं काय झालं? 1946 नंतर एबीएल दुय्यम लीग झाली. तीन वर्षांत स्फाज तिच्यातूनही बाहेर पडले आणि हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर गावोगाव फिरणारा प्रतिस्पर्धी संघ बनले. ग्लोबट्रॉटर्स म्हणजे कसरती, विनोद आणि ठरलेला विजय. समोरच्यानं चांगलं खेळायचं, पण खेळाचा रंग जाऊ द्यायचा नाही. 1950 मध्ये गॉटलिबनं क्लब रेड क्लॉट्झला विकला. क्लॉट्झ जेमतेम 5 फूट 7 इंचांचा, स्फाजचाच जुना गडी, 1948 मध्ये बाल्टिमोर बुलेट्सबरोबर बीएए जिंकलेला. त्यानं 1952 मध्ये ग्लोबट्रॉटर्ससाठी वॉशिंग्टन जनरल्स हा खास हरणारा संघ काढला आणि काही वर्षं दोन्ही गाडे ओढले. 1959 मध्ये स्फाज बंद झाले.

क्लॉट्झ मात्र थांबला नाही. त्याचे संघ हजारो सामने हरले. 5 जानेवारी 1971 ला टेनेसीतल्या मार्टिन गावात त्याचा संघ न्यू जर्सी रेड्स या नावानं उतरला होता. ग्लोबट्रॉटर्सना गंमतीच्या भरात गुणांचं भान राहिलं नाही, आणि शेवटच्या क्षणी पन्नास वर्षांच्या क्लॉट्झनं दोन्ही हातांनी, जुन्या पद्धतीनं फेक केली. 100-99. प्रेक्षकांतली लहान मुलं रडायला लागली. खोलीत गेल्यावर शॅम्पेन नव्हती म्हणून खेळाडूंनी त्याला संत्र्याच्या सोड्यानं न्हाऊ घातलं.